सायकोडायनॅमिक थेरपी: आईबापांच्या नावाने बोटं मोडायचे पैसे?

निवांत: परवा खडूस_कोथरूडकर यांनी लिहिलं, "सायकोडायनॅमिक म्हणजे पैसे मोजून आईबापांच्या नावाने बोटं मोडणं. आरईबीटी (चुकीच्या समजुती खोडून काढणारी थेरपी) करा, दहा सेशनांत मोकळे व्हा." वाचून डोकं फिरलं, म्हणून हा धागा. सायकोडायनॅमिक म्हणजे नात्यांत पुन्हापुन्हा येणारे जुने, नकळतचे साचे शोधणारी थेरपी. ओसीडीला (तेच तेच विचार, त्याच त्याच कृती) भीतीला सामोरं जायला शिकवणारी ईआरपी, पॅनिकला विचार आणि वागणं बदलणारी सीबीटी, मान्य. भास होत असतील तर आधी सायकिअ‍ॅट्रिस्ट, तेही मान्य. पण चौथी नोकरी, चौथा बॉस आणि भांडण मात्र तेच? तिथे विचार नोंदवायची वर्कशीट भरून काय होणार? असा माणूस थोड्याच दिवसांत थेरपिस्टशीही तसाच वागायला लागतो, ट्रान्सफरन्स म्हणतात तो हाच. तिथल्या तिथे पकडता येतो.

खडूस_कोथरूडकर: आरईबीटीचे जनक अल्बर्ट एलिस स्वतः मनोविश्लेषणच करायचे, म्हणजे तुमच्या सायकोडायनॅमिकचं मूळ. वैतागले आणि १९५५ मध्ये आरईबीटी काढली. उगाच?

निवांत: लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकचा २०१५ चा अभ्यास वाचा. औषधांना दाद न देणारं जुनाट डिप्रेशन, १२९ रुग्ण, त्यातल्या साधारण निम्म्यांना दीड वर्ष याच घराण्यातली थेरपी. ती संपल्यावर दोन वर्षांनी निदान अंशतः सावरलेले ३० टक्के. नेहमीच्या उपचारांवर ४.४.

खडूस_कोथरूडकर: म्हणजे ७० टक्के जिथल्या तिथे. वा!

मुलुंडची_मैना: मी दिवाळीला चकल्यांचा डबा नेला तर आमच्या सायकोडायनॅमिक थेरपिस्ट बाईंनी घेतला नाही. वर विचारतात, "मी नाही म्हटल्यावर काय वाटलं?"

खडूस_कोथरूडकर: कसली ही माणुसकी! फराळ नाकारणारी बाई मन काय सांभाळणार?

पळीपंचपात्र: आमचे आरईबीटीवाले सर दोन लाडू खातात, वर तिसरा मागतात.

निवांत: ती मर्यादा असते हो. डबा घेतला की पेशंटला रागावता येत नाही.

पळीपंचपात्र: लाडू खाऊनही मी सरांवर रागावलोय. मर्यादेचं कौतुक आम्हाला सांगू नका, आमच्याकडे पाहुण्याला पाणी तरी विचारतात.

मुलुंडची_मैना: अहो, पूर्ण ऐका तरी! त्या दिवशी जाम चिडले होते. पुढच्या सेशनला तावातावाने बोलता बोलता लक्षात आलं, सासूबाई रुसल्या की डबा, बॉस खवळला की डबा, बाबा दारू पिऊन आले की लहानपणी मीच गरम पोळी वाढायचे. समोरच्याने रागावू नये म्हणून खायला घालायचं. हे कुठल्या वर्कशीटवर आलं असतं?

खडूस_कोथरूडकर: बरं, तुमच्यापुरतं मान्य. पण आठवड्याला दोन हजार धरले तरी वर्षाला लाख होतात. ते कुणी द्यायचे?

निवांत: यावर मात्र बोलती बंद. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विम्यात मानसिक आजार शारीरिक आजारांच्या बरोबरीचे. पण थेरपीचं ओपीडी बिल लावून बघा, पॉलिसीत बसत नाही म्हणतात.

खडूस_कोथरूडकर: मग मी आपला दहा सेशनवालाच बरा. लाडवांचा खर्च वेगळा.