माउसला लॉगिन कशाला हवंय?

उंदीरमामा (धागाकर्ता)
परवा 'तुमचा सेटअप दाखवा' मध्ये कुणीसं लिहिलं होतं, "कंपनीचं सॉफ्टवेअर न टाकता माउस-प्रिंटर वापरणं म्हणजे पैसे पाण्यात. अकाउंट उघडायला एक मिनिट लागतं, त्यात रडण्यासारखं काय?" तिथेच उत्तर द्यायला बसलो, ते वाढत गेलं, म्हणून वेगळा धागा.

रडण्यासारखं हे, की मला अंगठ्याजवळच्या बटणाला फक्त 'कॉपी' लावायचं होतं. त्यासाठी काही शे एमबी डाउनलोड, मग ईमेल, मग ओटीपी, मग 'तुमचे आवडते गेम निवडा'. अहो, मी लोकांची जीएसटी रिटर्न भरतो, मला कसले गेम! एवढं करून नेट गेलं की लॉगिन सुटतं आणि बटण पुन्हा पहिल्या कामावर. साधा माउस एचआयडीने (माउस-कीबोर्डसाठी ठरलेली सामायिक पद्धत) बोलतो, विंडोज असो की लिनक्स, खोचला की चालतो. बटणाची सेटिंग माउसच्या आतल्या मेमरीत राहू शकते, कित्येक माउसांत राहतेही. माझा ईमेल त्या बटणाला कशाला लागतो?

डीपीआय_दादा
ते 'कुणीसं' म्हणजे मी. नाव घेतलं असतंत तरी चाललं असतं.
मी व्हिडिओ एडिटिंग करतो. एडिटरमध्ये आडव्या चाकाने टाइमलाइन सरकते, ब्राउझरमध्ये त्याच चाकाने टॅब बदलतात. समोर कोणतं ॲप उघडं आहे हे माउसला कसं कळणार? पीसीवर काहीतरी चालू लागतंच. लोकांना सोयी सगळ्या हव्यात, सॉफ्टवेअर मात्र नको. मग तीनशेचा माउस घ्या आणि सुखी राहा.

उंदीरमामा
सॉफ्टवेअर नको असं कुठे म्हटलंय? लॉगिन नको म्हटलंय. परत वाचा.

शिळोप्याचा
दादा, ऑगस्ट २०२१ विसरलात वाटतं. रेझर या गेमिंगवाल्या कंपनीचा माउस विंडोज १० ला लावला की तिच्या सॉफ्टवेअरचा इन्स्टॉलर आपोआप उतरायचा, तोही सिस्टिमच्या, म्हणजे विंडोजमधल्या सर्वोच्च अधिकाराने. फोल्डर निवडायच्या खिडकीत शिफ्ट दाबून राइट क्लिक केलं, पॉवरशेल (हुकूम टाइप करायची खिडकी) त्याच अधिकाराने उघडलं, की मशीन तुमचं. पासवर्डची गरजच नाही, माउस पुरे.

डीपीआय_दादा
केलं ना दुरुस्त त्यांनी. आणि त्यासाठी माणूस मशीनसमोर बसलेला लागायचा.

शिळोप्याचा
हो ना! म्हणजे कॉलेजची लॅब, ऑफिस आणि सायबर कॅफे, एवढंच. किरकोळ.

पेंग्विन_पुणेकर
लिनक्सवर पायपर हे माउस-सेटिंगचं फुकट ॲप टाका, बऱ्याच माउसांची सेटिंग थेट माउसात जाते, अकाउंट नाही. कीबोर्ड क्यूएमके या खुल्या फर्मवेअरवाला (फर्मवेअर म्हणजे वस्तूच्या आतलं सॉफ्टवेअर) घ्या, बटणं बदलायचं व्हिया ॲप ब्राउझरमध्येच उघडतं.

डीपीआय_दादा
आले! वाटच बघत होतो.

झेरॉक्सवाली_ताई
माउसचं काय घेऊन बसलात सगळे? तहसीलसमोर दुकान आहे माझं. ऐन जूनमध्ये उत्पन्नाचे दाखले, नॉन-क्रिमीलेअर, पोरांची रांग पार रस्त्यापर्यंत, आणि टाकीवाला प्रिंटर मध्येच बंद. दोन्ही लाल दिवे आलटूनपालटून, स्क्रीनवर 'इंक पॅडचं आयुष्य संपलं'. टाक्या भरलेल्या, हेड ठणठणीत. पलीकडच्या पोराला बोलावलं, त्याने रिसेटर चालवला, पैसे घेतले, प्रिंटर सुरू! म्हणजे बिघडलं होतं काय, तर एक आकडा. तो शून्यावर आणायचं सॉफ्टवेअर कंपनीकडे आहे, पण ते डब्यात देत नाहीत. डब्यात काय देतात, तर फोटो सजवायचं ॲप.

पेचकस
ताई, काउंटर रिसेट केला, पण पॅड बदलला का? हेड क्लीनिंगला ओढलेली शाई तळाच्या पॅडमध्ये जिरते. पॅड तुडुंब भरला की शाई टेबलावर, नशीब फुटकं असेल तर बोर्डावर. तसली मशिनं माझ्याकडे दुरुस्तीला येतात, खालून हात घातला की कोपरापर्यंत काळा. काउंटर उगाच नाही ठेवलेला. आणि त्या पोराचा रिसेटर क्रॅक केलेला असणार. अँटिव्हायरस बंद करायला लावला असेल. त्याच पीसीवर तुम्ही गावाची आधार कार्डं स्कॅन करता.

झेरॉक्सवाली_ताई
लावला बंद करायला, खोटं कशाला बोलू. पण मला पर्याय काय होता ते सांगा ना. सर्व्हिस सेंटर जिल्ह्याला. तिथे म्हणतात मशीन ठेवून जा, फोन करू. तोवर गिऱ्हाईक शेजारी. शाई सांडली तर माझ्या टेबलावर सांडेल, मी पुसेन! सूचना द्या, दहा वेळा द्या, पण माझं मशीन थांबवणारे तुम्ही कोण?

पेचकस
माझ्यावर का चिडताय, मी नाही बनवत. काही नव्या मॉडेलांत पॅडऐवजी मेंटेनन्स बॉक्स (वाया गेलेल्या शाईचा डबा) येतो, तो गिऱ्हाइकाला स्वतः बदलता येतो.

झेरॉक्सवाली_ताई
म्हणजे पहिल्यापासून जमण्यासारखं होतं तर. छान.

शिळोप्याचा
१३ सप्टेंबर २०१६. एचपीच्या बऱ्याच ऑफिसजेटांनी एकाच दिवशी दुसऱ्या कंपन्यांची शाईची काडतुसं नाकारायला सुरुवात केली. बंदोबस्त फर्मवेअरमध्ये आधीच पेरलेला, त्याचं नाव 'डायनॅमिक सिक्युरिटी'. ओरड झाल्यावर तो काढणारं फर्मवेअर दिलं. कुणाची सिक्युरिटी ते विचारू नका.

पेंग्विन_पुणेकर
मायक्रोसॉफ्टने तर सप्टेंबर २०२३ मध्ये सांगून टाकलं, कंपन्यांचे प्रिंटर ड्रायव्हर विंडोज अपडेटवरून हळूहळू बंद, यापुढे आयपीपी, म्हणजे प्रिंटरशी बोलायची सामायिक पद्धत. सगळ्यांना एकच ड्रायव्हर.

पत्रिकावाला
एकच ड्रायव्हर म्हणे. त्यावर जाड कार्ड, मागचा ट्रे आणि रंगाचं प्रोफाइल लावून लग्नपत्रिका छापून दाखवा. गणपती लाल हवा, गुलाबी नको. मग बोलू.

डीपीआय_दादा
बघा, पत्रिकावाले माझंच म्हणणं मांडतायत. कामाच्या वस्तूला कंपनीचं सॉफ्टवेअर लागतंच. बाकी धागा माउसचा होता, तो शाईत बुडाला.

पत्रिकावाला
तुमचं नाही, माझं मांडतोय. माझ्या ड्रायव्हरने आजवर ईमेल मागितलेला नाही.

डीपीआय_दादा
बरं बाबा, लॉगिनचा आग्रह नको, मान्य. खूश? मात्र नवा लॅपटॉप घेतल्यावर 'माझी सेटिंग कुठे गेली' म्हणत धागा काढू नका.

उंदीरमामा
माउसात असतील हो, जाणार कुठे? फाईल सेव्ह करायचं एक बटण दिलं तरी भागेल, क्लाउडची गरज नाही.

झेरॉक्सवाली_ताई
पेचकसदादा, भांडण राहू दे. तो पॅड तालुक्याला कुणी पाठवतं का?

पेचकस
मशीन उलटं करून मागच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर टाका, बघतो. उलटं करताना खाली जुने पेपर अंथरा. आणि अँटिव्हायरस चालू करा आधी.