‘ब्लॉब’ला गोळा म्हणावं की बोचकं?

प्रश्न:
डेटाबेसची एक पुस्तिका मराठीत आणतोय. ‘बायनरी लार्ज ऑब्जेक्ट’ (म्हणजे ‘ब्लॉब’, फोटोसारखा मोठा ऐवज जसाच्या तसा ठेवायचा प्रकार) आलं तिथे ‘द्विमान बृहद्वस्तू’ लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी ते मलाच वाचवेना. बरा शब्द सुचवा.

प्रतिसाद:
त्या लांबलचक रूपाच्या नादी लागूच नका, ते मागाहून चिकटवलंय. डिजिटल इक्विपमेंट या संगणक कंपनीत असताना जिम स्टार्की यांनी नुसतं ‘ब्लॉब’ म्हटलं होतं. १९५८च्या भयपटातला, दिसेल ते गिळत सुटणारा तो गोळा. ‘बायनरी’ वगैरे विस्तार नंतर इन्फॉर्मिक्स या डेटाबेस कंपनीने केला. म्हणून माझं मत ‘गोळा’.

प्रतिसाद:
गोळा नको, पोटात येतो. ‘बोचकं’ घ्या. डेटाबेसला आकडा कळतो, तारीख कळते. ब्लॉबमध्ये फोटो ठेवला तर तो फोटो आहे हेसुद्धा त्याला ठाऊक नसतं. बांधून दिलं तसं परत करायचं, गाठ सोडायची नाही. शिवाय ओरॅकलच्या डेटाबेसमध्ये मोठा ब्लॉब तक्त्याच्या ओळीत राहतच नाही. तो दुसरीकडे जातो, ओळीत उरतो लोकेटर, म्हणजे त्याचा ठावठिकाणा. त्याला ‘बिल्ला’ म्हणता येईल.

प्रतिसाद:
पोस्टग्रेस हा डेटाबेस मात्र बोचकं फोडतो की! त्याचं पान (डिस्कवर ओळी ठेवायचा ठोकळा) ८ केबीचं. ओळ साधारण २ केबीच्या वर गेली की ‘बायटी’ (कच्चे बाइट ठेवायच्या) रकान्यातला ऐवज तो आधी दाबून बघतो. तरी मावेना तर २००० बाइटच्या आसपासच्या फोडी करून वेगळ्या तक्त्यात रचतो. या सोयीचं नावच ‘टोस्ट’, म्हणजे स्लाइस पाडणं ओघानंच आलं.
पोस्टग्रेसमध्येच ‘लार्ज ऑब्जेक्ट’ नावाची दुसरी सोय आहे, तिची तऱ्हा आणखी निराळी. ओळीत नुसता क्रमांक असतो. एकदा मी हजारभर ओळी पुसल्या आणि डिस्क किती मोकळी झाली ते बघत बसलो. तसूभरही नाही. क्रमांक गेले, ऐवज तिथेच. शेवटी ‘व्हॅक्यूमएलओ’ हे सफाईचं साधन चालवून ती बेवारस बोचकी काढावी लागली. (बघा, लिहिता लिहिता मीच ‘बोचकी’ म्हणालो.)

प्रश्नकर्ता:
मग बोचकंच. मायएसक्यूएल या डेटाबेसमधल्या ब्लॉबच्या आकारांची उतरंडही लागते आहे: टायनीब्लॉब २५५ बाइटचा, ती पुरचुंडी. साधा ब्लॉब ६५,५३५ बाइटपर्यंत, ते बोचकं. मीडियमब्लॉब १६ एमबी, ते गाठोडं. ४ जीबीच्या लाँगब्लॉबला काय म्हणू?

प्रतिसाद:
बोजा. कागदावर ४ जीबी आहेत खरे, पण तिथलं एक पॅकेट (एका वेळी पाठवायचा ऐवज) १ जीबीच्या वर जात नाही. एका खेपेत उचलायचा नाही.