दगड आणि खडक : एकच की वेगळे?

विचारणा

मी नागपुरात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे, भूविज्ञान हा एक विषय घेतलाय. शाळा मराठीतून झाली, आता सगळं इंग्रजीतून, म्हणून नोट्सच्या बाजूला मराठी शब्द लिहून ठेवते. ‘रॉक’ला मी कुठे दगड लिहिलंय, कुठे खडक. परवा अंबाझरीच्या पुढे फील्डला गेलो होतो. हातातला तुकडा दाखवला तर मॅडमनी नाव विचारलंच नाही. म्हणाल्या, “सुटा पडला होता की जागेवरून फोडलास?” तेव्हापासून डोक्यात घोळतंय, दगड आणि खडक एकच का? आणि पुस्तकात कोळसासुद्धा ‘रॉक’ आहे. त्याला खडक म्हणायला जीभ वळत नाही.

प्रतिसाद

एकच नाहीत. बोलताना आपण हा फरक न शिकवता पाळतो. स्वतःच्या पायावर माणूस धोंडा पाडून घेतो, खडक नाही. दगड उचलतात, भिरकावतात, चुलीला तीन मांडतात. खडक उचलत नाहीत, तो खणताना लागतो. शेतकऱ्याला विचारा: दगडाळ रान वेचून साफ करता येतं, बांधावर दगडांचा ढीग होतो. खडकाळ जमिनीत वेचायला काही नसतंच, वीतभर मातीखाली सलग खडक. म्हणजे दगड सुटा, खडक जागेवरचा.

मॅडमचा प्रश्न याचसाठी होता. कुठे कोणता खडक आहे ते दाखवणाऱ्या नकाशात रंग भरायचा तो जागेवरच्या खडकावरून. सुटा दगड ओढ्याने आणला असेल, ट्रकनेही. नागपुरात तर हे फारच जपावं लागतं, कारण शहर खडकांच्या सीमेवर वसलंय. सीताबर्डीची टेकडी आणि पश्चिमेचा भाग बेसाल्टचा, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. पूर्वेकडे त्याहून कितीतरी जुना नाइस (gneiss, पट्टेदार रूपांतरित खडक), उत्तरेला कामठीकडे वालुकाश्म. कन्हानच्या पात्रातले गोटे पाहून तिथला खडक ठरवायला गेलात तर फसाल.

आपल्या गिट्टीखदानचं नाव बघा. खडक फोडला की दगड, दगड फोडला की गिट्टी. (पुण्याकडचे लोक गिट्टीला खडी म्हणतात.)

प्रतिसाद

सर, मी काटोलकडे बोअरचं काम करतो. आमच्याकडे खडक हा शब्द कोणाच्या तोंडी नाही. “पंचवीस फुटावर मुरूम संपला अन् काळा दगड लागला” असंच म्हणतात. तो काही सुटा नसतो, खाली दोनशे फूट तोच असतो. मग तुमचा नियम कुठे बसतो? आणि मुरूम कशात धरायचा?

प्रतिसाद

भाऊ, तुमचं बरोबर आहे, माझा नियम अपुरा पडला. तुमच्या वाक्यात दगड हे वस्तूचं नाव नाही, पदार्थाचं आहे. दगडाची भिंत, लाकडाची पेटी म्हणतो तसं. पारख सोपी आहे, आधी ‘एक’ लावून बघा. “काळा दगड लागला” म्हणजे थर लागला. “एक काळा दगड लागला” म्हणजे गोटा आडवा आला, बाजूने काढता येईल. एका शब्दाने अर्थ फिरतो. खडकाला मात्र पदार्थाचा अर्थ चिकटत नाही, खडकाची भिंत कोणी बांधत नाही.

मुरूम म्हणजे जागेवरच कुजलेला खडक. पाणी भेगांतून शिरतं, आतली खनिजं बदलतात, कठीण बेसाल्ट फावड्याने निघण्याइतका भुसभुशीत होतो. रस्त्यासाठी टेकडी कापली असेल तिथे थांबून नीट बघा. मुरुमात मधेमधे गोल गोळे दिसतात, भोवती कांद्यासारखे पापुद्रे. पापुद्रा बोटाने सुटतो, पिवळट तपकिरी चुरा हाताला लागतो, आतला गाभा काळाकुळकुळीत आणि हातोडीला दाद न देणारा. पोरं दर वर्षी सांगतात, हा नदीतला गोटा. नाही. तो कुठूनही आलेला नाही, भेगांच्या मधला ठोकळा कोपऱ्यांकडून आधी कुजला म्हणून गोल झाला. दिसायला दगड, पण आहे खडकच.

आता कोळसा. भूविज्ञानात खडक व्हायला कठीणपणाची अट नाही, निसर्गात तयार होऊन थराने, राशीने असणं पुरे. म्हणून उमरेडचा कोळसाही खडक, आणि नखाने ओरखडा उठेल असा शेलही (shale, चिखल घट्ट होऊन झालेला पापुद्र्यांचा खडक). बोलीतल्या खडकात कठीणपणा मुरलेला आहे, म्हणून जीभ अडते. तरी शब्द खडकच ठेवा. हिंदी पुस्तकांतला ‘शैल’ उचलू नका. मराठी कानाला शैल म्हणजे पर्वत.

विचारणा करणारीकडून

सर, खूप आभार. नोट्स दुरुस्त करतेय. एकच राहिलं, पुढचा धडा चंद्रावर आहे. तिथून आणलेल्यांना काय लिहू?

प्रतिसाद

चांद्रदगड लिहा. १९६९ ते १९७२ या काळात अपोलोच्या सहा मोहिमांनी ३८२ किलो नमुने आणले. त्यात धूळमाती आहे, आणि जे दगड आहेत ते बहुतेक पृष्ठावर सुटे पडलेले उचलले. चंद्रावरच्या काळ्या डागांबद्दल लिहाल तिथे मात्र खडक. तोही बेसाल्टच आहे, सीताबर्डीसारखा, फक्त कितीतरी जुना. आणि अंतराळवीर दगड उचलण्याआधी शक्यतो तो पडलेल्या जागीच त्याचा फोटो घेत. मॅडमना हे सांगा, त्यांना आवडेल.