ग्वाल्हेर म्हणू नका, बाडा म्हणा

पुण्याची वहिनी: लग्नाला यायला गोवा एक्स्प्रेसचं आरक्षण झालं. आम्ही नऊ जण, त्यात सासूबाईंचे गुडघे. स्टेशनवरून घरी कसं यायचं आणि मधल्या रिकाम्या दिवशी किल्ला कसा बघायचा, एकदाच नीट सांगा.

मोठे मामा: झाशी गेलं की सामान आवरायला घ्या. डिसेंबरातला कोहरा पडला तर मात्र गाडी केव्हा येईल ते रामच जाणे. दशम्या जास्तीच्या घ्या.

सोनू: आणि रिक्षावाल्याला "ग्वालियर चलो" म्हणू नका 😂

पुण्याची वहिनी: ग्वाल्हेरला उतरून ग्वाल्हेर म्हणायचं नाही?

मोठे मामा: नाहीच. इथं ग्वालियर म्हणजे किल्ल्याच्या पायथ्याचं जुनं गाव, किलागेट-हजिऱ्याकडचं. आपण राहतो ते लष्कर. 1810 मध्ये दौलतराव शिंद्यांनी इथं छावणी टाकली, ती काही उठली नाही, तिचंच शहर झालं. तिसरं मुरार, ते इंग्रजांच्या छावणीचं. तिन्ही मिळून तुमच्या तिकिटावरचं ग्वाल्हेर. तुम्ही "बाडा" म्हणा. महाराज बाडा, म्हणजे लष्करातला मोठा चौक. तिथून आमची गोठ पाच मिनिटं.

पुण्याची वहिनी: गोठा?

मावशी: गोठ गं. आळी समज. "चिटनीस की गोठ" अशी पाटी दिसेल. गाई नाहीत. म्हणजे आहेत, पण त्या रस्त्यात.

दादा: किल्ल्याचं मी सांगतो, आमची फजिती झालीय. मागच्या वेळी फोनमध्ये नुसतं किल्ल्याचं नाव टाकलं. टॅक्सीवाल्यानं किलागेटाला उतरवलं, पैसे घेतले आणि गेला. वर बघतो तर उभी चढण, आणि त्या बाजूनं गाडी वर जातच नाही. आई म्हणाली, मी इथूनच हात जोडते.

मावशी: म्हणूनच गाडी ठरवताना "उरवाई गेट" असं तोंडानं सांगायचं. ती पश्चिमेची बाजू, तिथून गाडी थेट वर. चढताना डोंगरात कोरलेल्या जैन मूर्ती दिसतील, एक तर 50 फुटांहून उंच. मुलांना खिडकीशी बसवा. वर मानमंदिर, म्हणजे राजवाडा, आणि तेली का मंदिर नि सास-बहू ही देवळं. मूळ नाव म्हणे सहस्रबाहू, पण लोकांनी मोठं देऊळ सासूला आणि धाकटं सुनेला देऊन टाकलं.

पुण्याची वहिनी: सासूबाई हा ग्रुप वाचतात हं मावशी.

मावशी: वाचू देत. आता खरी गंमत उतरताना. ज्यांचे पाय धड आहेत त्यांनी मानमंदिराशेजारच्या हत्तीपोल दरवाज्यातून पायी खाली यायचं. वाटेत एका खडकातून कोरलेलं चतुर्भुजाचं देऊळ आहे, आपल्या देवघराहून जरा मोठं. त्यात 876 सालचा शिलालेख. देवाच्या फुलबागेची लांबी 270 हात, आणि रोज 50 माळा द्यायच्या, असं लिहिलंय. त्या 270 आणि 50 मधलं इतकं जुनं लिहिलेलं शून्य बघायला गणिताची माणसं परदेशातून येतात. गाडीनं वर जाऊन गाडीनंच खाली आलात तर ते चुकणार. माझ्या माहेरची अर्धी माणसं तसंच करून गेली!

दादा: मग गाडीचं काय?

मावशी: ड्रायव्हरला सासूबाईंसकट उरवाईनं खाली उतरवून किलागेटाला बोलवा. तुम्ही तिथंच उतरता. पायथ्याशी गुजरी महालातलं संग्रहालय, पुढं हजिऱ्याला तानसेनाची समाधी. ती साधीच आहे, शेजारची सूफी संत मोहम्मद गौसांची कबर तिच्याहून कितीतरी मोठी. समाधीजवळच्या चिंचेचा पाला खाल्ला की गळा गोड होतो म्हणतात.

सोनू: काकू, मंगलाष्टकं म्हणणार असाल तर दोन पानं जास्त खा.

काकू: तुझ्या लग्नात खाईन.

मोठे मामा: येताना फूलबागेत राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीशी थांबा, स्टेशनहून लांब नाही. गजक, म्हणजे तिळाची खुसखुशीत वडी, बाड्याजवळूनच घेऊ, थंडीत ताजी असते. स्टेशनवरची नको.

पुण्याची वहिनी: झालं तर मग. आमचा रिकामा दिवस सोमवार. सकाळी नऊला निघतो.

मावशी: सोमवार? सोमवारी गुजरी महाल बंद!

मोठे मामा: आता काय, लग्न पुढं ढकलू?

मावशी: रविवारी मेंदी आहे ना, ती संध्याकाळी. सकाळचं उरकून घ्या. फक्त मेंदीवाली चारला येतेय, त्याच्या आत परत या.