चेनसॉचा सायलेन्सर मोकळा करावा का? माझ्या मते करावाच

ओंडका५५
वादाचा विषय आहे माहितीये, तरी टाकतोय. कंपनी सायलेन्सरचं तोंड एवढं बारीक ठेवते ते इंजिनाला हवं असतं म्हणून नाही, आवाज आणि धुराच्या नियमात बसवायचं असतं म्हणून. ५०-६० सीसीचं मशीन, आत सिलेंडरचं एक्झॉस्टचं भोक हे भलंमोठं, आणि बाहेर निघायला वाट म्हणाल तर करंगळीएवढी! टू स्ट्रोकमध्ये जळलेला गॅस पटकन बाहेर गेला नाही तर नवीन चार्ज, म्हणजे ताजं हवा-पेट्रोलचं मिश्रण, आत येणार कुठून? तेच तोंड थोडं रुंद केलं किंवा बाजूला अजून एक भोक पाडलं की पूर्ण बार (साखळी फिरते ती पट्टी) लाकडात बुडालेला असताना जे मशीन दबायचं ते ओढायला लागतं. शिवाय सगळी उष्णता सिलेंडरपाशी कोंडून राहत नाही. वॉरंटी संपलेली असेल तर न करायचं काही कारण मला तरी दिसत नाही. असेल तर सांगा.

पांढरा प्लग
कारण सांगतो. एवढं लिहिलंत त्यात कार्बोरेटर हा शब्द एकदाही नाही.

वाट मोकळी झाली की इंजिन हवा जास्त ओढतं, पेट्रोल त्या मानाने वाढत नाही, म्हणजे मिश्रण लीन होतं. आणि टू स्ट्रोकला ऑइल वेगळं मिळत नाही हो, ते पेट्रोलमधूनच येतं, ५०:१ म्हणजे लिटरला २० मिली. लीन झालं की उष्णता वाढली आणि वंगणही घटलं, दोन्ही एकदम. सगळ्यात वाईट म्हणजे त्या वेळी मशीन झकास वाटतं, रेस चढते, आवाज धारदार येतो, माणूस खूश होतो की बघा काय पॉवर आली, आणि आत पिस्टनच्या एक्झॉस्टकडच्या अंगाला उभे ओरखडे पडायला सुरुवात झालेली असते. मग जाम. सायलेन्सर काढून त्या भोकातून टॉर्च मारून पिस्टन बघा एकदा, सगळं दिसतं तिथून.

ओंडका५५
अहो ट्यूनिंग करायचंच, ते गृहीत धरलंय. एच स्क्रू, म्हणजे कार्बोरेटरवरचा फुल रेसचं पेट्रोल कमीजास्त करणारा स्क्रू, थोडा थोडा बाहेर काढायचा, मोकळ्यात फुल रेसला आवाज किंचित फडफडता आला पाहिजे आणि लाकडात घातल्यावर तो स्वच्छ व्हायला हवा. एवढं ज्याला कानाने कळत नाही त्याने भोक पाडूच नये.

स्क्रू ढिला
मोडच्या, म्हणजे सायलेन्सर मोकळा करण्याच्या, बाजूनेच आहे मी पण हे कानाचं प्रकरण वाटतं तेवढं सोपं नाही. बऱ्याच नव्या मशीनच्या स्पार्क देणाऱ्या कॉइलमध्ये रेव्ह लिमिटर (रेस ठराविक हद्दीपुढे जाऊ न देणारी सोय) असतो, साधारण १३-१४ हजार आरपीएमला तो स्पार्क तोडतो, आणि तो आवाजसुद्धा तस्साच फडफडतो! माणूस समजतो मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) आहे, अजून थोडं आवळूया, आणि प्रत्यक्षात आधीच लीन असलेलं अजून लीन करून बसतो. म्हणून आधी स्क्रू बराच बाहेर काढून मशीन लिमिटरच्या बरंच खाली जड चालू द्यायचं आणि तिथून हळूहळू आत यायचं. आरपीएम दाखवणारा टॅकोमीटर असेल तर उत्तम.

दुसरं, स्क्रूवर प्लास्टिकच्या टोप्या असतात त्या थोडंच फिरू देतात. काही छोट्या मशीनला एच स्क्रूच नसतो, फिक्स जेट, म्हणजे पेट्रोलची वाट कमीजास्त करताच येत नाही. तिथे हा विषयच बंद. आणि स्टिलचं एम-ट्रॉनिक किंवा हुस्क्वर्नाचं ऑटोट्यून असेल तर ते इंधन आपणहून जुळवून घेतं, अर्थात त्याच्या मर्यादेत.

जुना पाना
पण टू स्ट्रोकला बॅकप्रेशर (एक्झॉस्टमधून उलटा येणारा दाब) लागतंच ना? ते घालवलं तर ताजं मिश्रण सरळ बाहेर जाईल की.

स्क्रू ढिला
@जुना पाना, रेसिंगच्या गाड्यांना तो फुगीर पाइप असतो ना, त्यात लाट उलटी येऊन बाहेर निसटलेलं मिश्रण परत आत ढकलते. चेनसॉला असतो तो नुसता डबा. त्यातून तसली लाट फारशी मिळतच नाही, मिळतो तो अडथळा. पण म्हणून आतली पडदी बिडदी सगळी उपटायची असंही नाही. गॅस अडतो तो बाहेरच्या तोंडाशी, आत कितीही मोकळं केलंत तरी तोंड तेवढंच असेल तर फायदा काय? मोड करणाऱ्यांचा साधारण हिशोब असतो की बाहेरची एकूण वाट सिलेंडरच्या एक्झॉस्टच्या भोकाच्या ७०-८० टक्क्यांपर्यंत न्यावी, त्यापुढे फक्त बोंबाबोंब.

कानात बोळा
बोंबाबोंबीवरच बोलतो, कारण या विषयावर सगळे "हेडफोन लावा" म्हणून मोकळे होतात. चेनसॉ वापरणाऱ्याच्या कानाशी आवाज मुळातच १०० डेसिबलच्या वर असतो. अमेरिकेच्या नायॉश संस्थेची शिफारस आहे ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी, म्हणजे उघड्या कानाने १०० ला फक्त १५ मिनिटं. भोक पाडून अजून ३ वाढवले की साडेसात. तुम्ही कान झाकाल हो, पण पलीकडे फांद्या ओढणारा माणूस उघड्या कानाने उभा असतो त्याचं काय? आणि झाड कलायच्या आधी जो कडकड आवाज येतो तो ऐकू यायला हवा की नको?

ओंडका५५
फांद्या ओढणाऱ्यानेही कान झाकलेच पाहिजेत, मोड असो नसो. झाडाच्या आवाजाचा मुद्दा मात्र मान्य, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

ठिणगी
अजून कोणी जाळीबद्दल बोललं नाही?? सायलेन्सरच्या तोंडाशी ती बारीक जाळी असते ती लाल झालेले काजळीचे कण अडवायला. लोक भोक पाडतात आणि जाळी फेकून देतात. खाली वाळलेलं गवत, पालापाचोळा, आणि तुम्ही पॉवरचं कौतुक करत पुढच्या झाडाकडे. नवीन भोक पाडायचं तर त्यालाही जाळी बसवायची, आणि तोंड टाकी, हँडल, ब्रेकचं प्लास्टिक यांच्याकडे अजिबात नको. आणि प्लीज सायलेन्सर मशीनवर ठेवून ड्रिल मारू नका, धातूचा एक कण आत गेला तर रिंग आणि सिलेंडरच्या मध्ये येऊन आतलं कोटिंग खरवडतो.

कानस
सगळ्यांचं वाचलं. माझं म्हणणं वेगळंच आहे, हे सगळे घोडे पुढे दामटण्याआधी खाली पडणारा भुसा बघा. पिठासारखा पडतोय का? मग भोकं पाडून काय उपयोग, साखळीला धारच नाही. छिलके पडायला हवेत. कापणाऱ्या दातापुढचा जो टेकू असतो तो दाताच्या टोकापेक्षा बऱ्याच साखळ्यांत ०.६५ मिमी खाली हवा. लोक वर्षभर दात घासतात आणि टेकूला हातच लावत नाहीत, मग साखळी लाकडावर नुसती घसरते आणि मशीनला दम नाही म्हणून ओरड.

आणि एक शंका आहे. भोक पाडायला सायलेन्सर काढतात तेव्हाच ती काजळीने बुजलेली जाळीही साफ होते, एच स्क्रूही नीट लागतो, बहुतेक साखळीही नवी चढते. मग फरक पडला तो कशाने हे कोणी वेगळं काढून बघितलंय का? श्रेय मात्र भोकाला.

ओंडका५५
@कानस, बुजलेली जाळी साफ केली तर फरक पडतो हे मान्य ना? म्हणजे वाट मोकळी केली की पॉवर येते हे तुम्हीच कबूल केलंत :D

कानस
बुजलेली वाट मोकळी करणं म्हणजे मशीन मूळ होतं तिथे परत आणणं. त्यापुढे किती मिळतं तो प्रश्न आहे. एकच ओंडका, एकच धार लावलेली साखळी, स्टॉपवॉच. आधी जाळी साफ करून आणि ट्यून करून वेळ लावा, मग भोक पाडून परत ट्यून करून लावा. आकडे टाका, मी गप्प बसतो.

ओंडका५५
चालेल. पण मऊ लाकडाच्या बारक्या ओंडक्यावर नाही हं, तिथे कुठलंही मशीन पळतं. कडक लाकूड, आणि बार पूर्ण बुडला पाहिजे.

कानस
कडकच घ्या. पण साखळीची धार मी लावून देणार.