मॉर्फोलिनोत डोकं लहान, म्यूटंट मात्र ठणठणीत. खरं काय मानू?

टोचणी: झेब्राफिशच्या मध्यमेंदूवर काम करते, पीएचडीचं तिसरं वर्ष. एका जनुकाविरुद्धचा मॉर्फोलिनो (त्या जनुकाचं काम तात्पुरतं अडवणारा कृत्रिम रेणू) भ्रूणाच्या एकपेशी अवस्थेत टोचला की 30 तासांनी डोकं लहान, मेंदू काळपट. क्रिस्पर या जनुक-कापणीच्या तंत्राने तेच जनुक कायमचं बिघडवलेला म्यूटंट करण्यात सव्वा वर्ष गेलं, आणि ही पोरं मजेत पोहताहेत! सर म्हणतात, मॉर्फोलिनोचे फोटो झकास आलेत, तेच छापू. पुढे मेडाका या दुसऱ्या माशाशी 30 तासांवरच तुलना करायची आहे.

जुनी वही: सरांना थांबव. काळपट मेंदू म्हणजे बहुतेक मेलेल्या पेशी. रोबू आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये दाखवलंय की काही मॉर्फोलिनो लक्ष्य सोडून पी53 हे पेशींना मरणाकडे ढकलणारं प्रथिन चेतवतात, आणि मार बसतो तो मुख्यतः मेंदूलाच. मी अशाच एका 'झकास' फोटोमागे आठ महिने घालवले. कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचा निरुपद्रवी मॉर्फोलिनो, निम्म्या डोसने टोचला होता, हे वही चाळताना सापडलं. तुझा डोस किती?

टोचणी: 6 नॅनोग्रॅम. कंट्रोल… बघते.

कल्ला: म्यूटंटही धुतल्या तांदळाचा नसतो हं. 2015 मध्ये ईजीएफएल7 या जनुकाच्या म्यूटंटमध्ये दुसरीच जनुकं वाढून उणीव भरून काढताना दिसली होती. त्यात या माशांच्या पूर्वजात अख्खा जनुकसंच दुप्पट झालेला. तुझ्या जनुकाचं जुळं शोधलंस का? मेडाकात ते टिकलंय की गळालंय, तेही बघ. मला तर तुलनेचा खरा मासा तिथेच गळाला लागेल असं वाटतं.

जुनी वही: कल्ल्याचं बरोबर. म्हणून तोच मॉर्फोलिनो, त्याच डोसने, म्यूटंट भ्रूणांत टोच. तिथेही डोकं लहान झालं तर ते विष. फक्त साध्या भ्रूणांतच झालं, तर म्यूटंट सावरून घेतोय असं म्हणायला जागा आहे. पण आईही म्यूटंटच हवी, नाहीतर अंड्यात तिने ठेवलेला चांगला आरएनए घोळ घालेल. आणि मेडाकाशी तासांवर तुलना नको गं! 24 तासांना झेब्राफिशचं हृदय धडधडत असतं, मेडाकाची तेव्हा जेमतेम चेतापट्टी (जिच्यातून पुढे मेंदू बनतो) तयार होत असते. सोमाइट, म्हणजे भ्रूणाच्या पाठीत एकेक करून उमटणारे खंड, मोज.

टोचणी: वही बघितली. कंट्रोल 3 नॅनोग्रॅम. म्यूटंट माद्या सातच आहेत, आज संध्याकाळी जोड्या लावते. सरांना अजून काही बोलले नाही.