‘रेसिमिक’ म्हणजे नुसतं मिश्रण नव्हे

फार्मसीच्या एका विद्यार्थिनीने विचारलंय, मराठीत टिपण लिहिताना ‘रेसिमिक’ऐवजी ‘संमिश्र’ लिहिलं तर चालेल का? माझ्या मते नाही चालणार. ‘रेसिमिक’ हाच शब्द ठेवावा आणि पहिल्यांदा येईल तिथे एका ओळीत त्याचा अर्थ द्यावा. या शब्दाचा सगळा भार ‘मिसळलेलं’ यावर नसून ‘निम्मं-निम्मं’ यावर आहे.

काही रेणूंची दोन रूपं असतात, डाव्या-उजव्या हातांसारखी. एक दुसऱ्याचं आरशातलं प्रतिबिंब, पण एकावर एक ठेवली तर जुळत नाहीत. ध्रुवित (एकाच प्रतलात कंप पावणाऱ्या) प्रकाशाचं प्रतल एक रूप उजवीकडे फिरवतं आणि दुसरं तेवढंच डावीकडे. दोन्ही समसमान असतील तर प्रकाश कुठेच वळत नाही, आणि तेव्हाच त्याला रेसिमिक म्हणायचं. 60:40 प्रमाण असेल तर ते मिश्रण खरं, पण रेसिमिक नव्हे.

उलट बाजूनेही घोटाळा होतो. प्रकाश वळला नाही म्हणजे पदार्थ रेसिमिकच, असं नाही. मेसो टार्टारिक आम्लही (चिंचेतल्या आंबट आम्लाचा एक प्रकार) प्रकाश वळवत नाही, पण त्याचा रेणू एकाच प्रकारचा असतो. त्याचा अर्धा भाग उरलेल्या अर्ध्याचं प्रतिबिंब असतो. परीक्षेत हा फरक हमखास विचारतात.

शब्द आला द्राक्षांतून. लॅटिनमध्ये ‘रासेमस’ म्हणजे द्राक्षांचा घड. द्राक्षाची वाइन करताना पिंपांत जो क्षार साठतो, त्यावरच्या कामात टार्टारिक आम्लाबरोबर त्याचं एक वेगळं भावंड सापडलं आणि फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ गे-ल्युसॅकने त्याला रेसिमिक आम्ल हे नाव दिलं. घटक तेच, पण प्रकाश वळवायला तयार नाही. हे कोडं 1848 मध्ये लुई पाश्चरने सोडवलं. त्या आम्लाच्या सोडियम-अमोनियम क्षाराचे स्फटिक त्याने भिंगाखाली पाहिले. काहींचा छोटा तिरपा पैलू उजवीकडे होता, काहींचा डावीकडे. चिमट्याने त्याने दोन ढीग वेगळे केले आणि प्रत्येक ढीग वेगळा विरघळवला, तर एकाने प्रकाश उजवीकडे वळवला, दुसऱ्याने डावीकडे. साधारण 27 अंशांच्या वर तापमान गेलं की हे स्फटिक असे सुटे बनतच नाहीत. पुण्यात हा प्रयोग करायचा तर डिसेंबर-जानेवारीच बरे, एप्रिलच्या दुपारी हाती काही लागणार नाही. आपल्या चिंचेतही टार्टारिक आम्लच असतं, मात्र ते एकाच रूपाचं, उजवीकडे वळवणारं.

शब्दाचा आजचा वापर बघायचा असेल तर कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जा. सर्दी-शिंकांची सेटिरिझिनची गोळी 10 मिलिग्रॅमची असते आणि लिवोसेटिरिझिनची 5 मिलिग्रॅमची. सेटिरिझिन रेसिमिक आहे, त्यातलं मुख्य काम करणारं रूप निम्मंच. तेवढंच वेगळं काढलं की लिवोसेटिरिझिन. रक्तदाबाच्या अम्लोडिपिन 5 आणि एस-अम्लोडिपिन 2.5 मिलिग्रॅम गोळ्यांचा हिशोबही असाच. (डोस मात्र डॉक्टरांनीच ठरवायचा.)

इथे एक सावधगिरी. ‘लिवो’ म्हणजे प्रकाश डावीकडे वळवणारं, एवढंच. ‘आर’ आणि ‘एस’ ही अक्षरं रेणूतल्या अणुगटांची मांडणी सांगतात. लिवोसेटिरिझिन ‘आर’ आहे आणि लिवोफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक ‘एस’. म्हणून ‘लिवो’ दिसलं की ‘एस’ लिहून टाकायची सवय मोडायला हवी.

दोन रूपं वेगळी करणं नेहमीच गरजेचं असतं असंही नाही. कोंबडीखाद्यात घालतात ते डीएल-मेथिओनिन (एक अमिनो आम्ल) रेसिमिकच असतं. नावातलं ‘डीएल’ तेच सांगतं: ‘डी’ आणि ‘एल’ ही दोन्ही रूपं. कोंबडीचं शरीर ‘डी’ रूपाचं ‘एल’मध्ये रूपांतर करून घेतं, त्यामुळे वेगळं करण्याचा खर्च कशाला?

क्रियापद हवं असेल तर ‘रेसिमीकरण होणे’ म्हणावं: एकाच रूपाचा पदार्थ हळूहळू निम्मा-निम्मा होत जाणं. थॅलिडोमाइडचं (गर्भात व्यंग निर्माण करणारं औषध) एकच रूप दिलं तरी शरीरात ते दुसऱ्यात बदलतं, म्हणून नुसतं ‘चांगलं’ रूप निवडून ते औषध गरोदरपणात सुरक्षित होत नाही. अशा वाक्यात ‘मिसळणे’ लिहिलं तर कोणीतरी बाहेरून काही घातलं असा अर्थ होतो, आणि तो साफ चुकीचा आहे.